सुलटा पेला

१

माईंच्या जिभेपुढे घरात कुणाचं काही चालायचं नाही. आता सासूच्या जिभेपुढे जावयाचं चालत नाही यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. पण माईंची जीभ बोलण्यासाठी नव्हे, चाखण्यासाठी प्रसिद्ध होती. एका लहानशा डेअरीत त्यांनी उभी हयात दूध चाखण्यात घालवली होती. कॅन नीट घासला होता की नुसता विसळला होता, टँकर उन्हात किती वेळ उभा होता, हे त्या एका घोटात सांगत. जावई गमतीने म्हणायचा की माई घरी आल्यापासून आपल्याला फ्रीजची गरजच उरलेली नाही.

घरात लेक, जावई आणि पाच वर्षांची नात. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तिला सगळे टिकली म्हणत, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. टिकलीला एकच प्रश्न ठाऊक होता, तो म्हणजे 'का?'. झोप म्हटलं की का, ऊठ म्हटलं की का, चप्पल उलटी घातलीस म्हटलं तरी का. लेक पार जेरीस यायची. माईंना मात्र त्या 'का'चं भारी कौतुक होतं. आपल्याला लहानपणी एकदाही कुणाला असं विचारता आलं नाही, हे त्या बोलून दाखवत.

टिकलीचं दूध हा रोजचा एक सोहळाच असायचा. पहिला घोट आजीने घ्यायचा. माई डोळे मिटून तो जिभेवर घोळवत, उगाच कपाळाला आठ्या घालत, आणि मग मान हलवत. त्यानंतरच टिकली पेला तोंडाला लावायची, तेही "का चांगलं आहे?" असं विचारून. बाहेर कुणी कितीही शपथा घातल्या तरी आजीची मान हलल्याशिवाय ती दुधाला शिवत नसे.

ती लहान डेअरी मोठ्या डेअरीने विकत घेतली आणि माईही सामानासोबत तिकडे गेल्या. आता गावभर एकाच डेअरीचं दूध जायचं. कामाला असणाऱ्यांना रोज एक पिशवी फुकट मिळे, ती माई टिकलीसाठी घरी नेत.

चव घ्यायची खोली शीतगृहाला लागून होती. छतापर्यंत पांढऱ्या फरशा, खिडकी नाही, भिंतीपलीकडून यंत्रांची सतत घरघर. मधोमध संगमरवरी टेबल, त्याभोवती चौघे चाखणारे, आणि प्रत्येकाच्या हाताशी थुंकायला एक छोटं बेसिन. नियम साधे होते. बोलायचं नाही, एकमेकांकडे पाहायचं नाही, डोळे मिटून घोट घ्यायचा, घोळवायचा, थुंकायचा. उरलेलं दूध ओतून द्यायचं. दूध चांगलं असेल तर पेला सुलटा ठेवायचा, खराब असेल तर पालथा. एकाच्या मताची छाया दुसऱ्याच्या जिभेवर पडू नये म्हणून हे सगळं, असं माईंना पहिल्याच दिवशी समजावण्यात आलं. त्यांना ते फार आवडलं. लहान डेअरीत मालकाच्या मेहुण्याचं मत आधी ऐकावं लागायचं.

टेबलाच्या टोकाला आणखी एक खुर्ची होती, उंच पाठीची. तिच्यावर कुणी बसत नसे. पण तिच्यापुढेही रोज एक पेला भरून ठेवला जाई. तिथे बेसिन मात्र नव्हतं.

"कुणाची हो ही?" माईंनी शेजारच्या काकांना विचारलं. काका तिथले सगळ्यांत जुने, निवृत्तीला आलेले, मऊ स्वभावाचे.

"साहेबांची," काका म्हणाले.

कुणी जुने साहेब असतील, लोकांनी त्यांचा मान ठेवला आहे, असं माईंनी गृहीत धरलं. आजकाल गेलेल्या माणसाचा इतका मान कोण ठेवतो, असंही त्यांच्या मनात आलं आणि बरं वाटलं.

२

सुरुवातीचे दिवस सुरळीत गेले. दूध चांगलं येई, पेले सुलटे राहत.

मग एके सकाळी माईंनी डोळे मिटून घोट घेतला. दूध ताजं, गोडसर, नाव ठेवायला जागा नाही. घोट थुंकून त्या पेला खाली ठेवणार, एवढ्यात आवाज आला. टक्. सुलटा पेला टेकतो तेव्हा आवाज भरीव येतो, पालथ्याचा पातळ आणि किणकिणता. हा पातळ होता, आणि टेबलाच्या टोकाकडून आला होता. पाठोपाठ आणखी तीन, टक्, टक्, टक्.

माईंनी डोळे उघडले. तिघांचेही पेले पालथे होते. रिकाम्या खुर्चीपुढचाही पालथा होता, आणि त्याच्याभोवती टेबल कोरडं ठाक होतं.

पेला भरलेला होता हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तो पालथा घातला तर दूध कुठे गेलं? रुमाल पडल्याचं निमित्त करून त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. खालची फरशीही कोरडी होती. वर आल्या तर त्यांच्या हातातला पेला तेवढा अधांतरी राहिला होता आणि बाकीचे थांबले होते. कुणी त्यांच्याकडे रोखून पाहत नव्हतं. सगळे खुर्चीकडे पाहत होते, गुरुजींनी फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबवला की मुलं बघतात तसे.

माईंनी पेला पालथा घातला. चांगलं दूध होतं, पण टँकर परत गेला.

घरी जाताना त्यांनी डोकं चालवलं. खुर्चीच्या सगळ्यांत जवळ काका बसतात, म्हणजे पेला त्यांनीच उलटवला असणार. दूध आधीच आपल्या बेसिनमध्ये ओतून घेतलं असेल. नवीन माणसाची जरा गंमत केली, झालं. आपल्या तरुणपणी नवीन आलेल्याला आंबलेलं ताक पाजून चेहरा बघायची चाल होती, त्यापेक्षा हे बरंच म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे पुरते मिटलेच नाहीत. पापण्यांच्या फटीतून काकांच्या हातांवर पाळत ठेवली. हात जागेवर होते, आणि तरी टोकाकडून आवाज आला, भरीव. आपण चुकीच्या जागी पाहत राहिलो म्हणून माई स्वतःवरच चिडल्या. त्यानंतर त्यांनी रोज ठरवलं की आज थेट खुर्चीकडे पाहायचं. पण नजर काही केल्या वर जाईना. खुर्चीच्या पायांपर्यंत जायची आणि तिथेच थबकायची. मोठ्यांसमोर मान वर करू नये असं लहानपणी कुणीतरी शिकवून ठेवलं होतं, आणि मान ते अजून विसरली नव्हती.

सुलट्या पेल्यातलं दूध मात्र रोज थोडं कमी झालेलं असे. पेल्याच्या आतल्या बाजूला दुधाची ओली रेघ दिसायची, वरच्या काठापासून बोटभर खाली. माईंनी ते काकांना हळूच दाखवलं तेव्हा काका सहज म्हणाले, "साहेब थुंकत नाहीत ना."

माई हसल्या. काका हसले नाहीत.

३

कडू दूध आलं ते एका ढगाळ सकाळी.

घोट जिभेवर आला आणि माईंचं अंग शहारलं. नासलेलं नव्हतं. आंबट नव्हतं, जळकं नव्हतं, औषधाचा वास नव्हता. असला कडवटपणा त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हता. बंद खोलीची जुनी किल्ली तोंडात धरावी तशी चव, आणि ती जिभेवरून घशाकडे सरकत होती, कुणी न ढकलता. माईंनी घाईघाईने थुंकलं, पाण्याने चूळ भरली, पुन्हा थुंकलं. पेला पालथा घालायला हात वळलाच होता.

टोकाकडून आवाज आला. भरीव. मग तीन तसेच.

माईंनी डोळे उघडले. चार पेले सुलटे होते. काकांच्या शेजारचा चष्मेवाला ओठ पुसत होता. समोरची लॅबवाली बाई समोर बघत बसली होती. त्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं, ठसका लागल्यावर येतं तसं. काकांच्या कपाळावरची कडवट घोटाची आठी अजून मोडायची होती. म्हणजे त्यांनाही लागलं होतं. सगळ्यांना लागलं होतं.

आणि सगळे वाट पाहत होते. रागाने नव्हे. बस सुटायची असते आणि एक म्हातारी पायऱ्या चढत असते, तेव्हा आतले प्रवासी पाहतात त्या समजूतदारपणाने.

माईंच्या मनात एका क्षणात काय काय येऊन गेलं. दातांची नवीन कवळी बसवली आहे, तिचा दोष असेल. वय झालं. रात्री झोप लागली नव्हती. चार शहाणी माणसं चुकतात आणि आपण एकट्या बरोबर, असं कधी असतं का? या सगळ्यातलं एकही कारण त्यांना स्वतःला पटलं नाही. तरी हात आपसूक खाली गेला.

पेला सुलटा टेकला आणि खोलीतल्या सगळ्यांचा श्वास सुटला. माईंनाही हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्यांना पुढे फार लाज वाटली.

संध्याकाळी निघताना दारावर नेहमीची पिशवी हातात पडली. ती त्यांनी रस्त्यात टाकून द्यायला हवी होती. पण मनात अजून कवळीचं घोळत होतं, आणि घरी पोचल्या तर पाहुणे आले होते. त्या गडबडीत लेकीने दूध तापवलं आणि टिकलीने हाक मारली, "आजी, चाख ना." माईंनी न चाखताच मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा.

४

दुसऱ्या दिवशीही दूध कडू होतं, तिसऱ्या दिवशीही. पेले सुलटे राहिले, आणि कवळीलाच दोष देत माई संध्याकाळी घरी न चाखताच मान हलवत राहिल्या.

माईंनी काकांना जिन्यात गाठलं. आडून आडून विचारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"काका, खरं सांगा. कडू लागतं की नाही?"

"लागतं," काका म्हणाले. "मला तर सुरुवातीला फार लागायचं."

"मग पेला पालथा का नाही घालत?"

काकांनी जरा विचार केला. पोराला सोपी गोष्ट कशी समजावून सांगावी, अशा चेहऱ्याने. "साहेबांनी सुलटा ठेवलेला असतो ना, माई."

"कुठले साहेब? त्या खुर्चीत कोण बसतं?"

 काकांना प्रश्न झोंबला नव्हता, तो कळलाच नव्हता. मग त्यांनी माईंच्या दंडावर हात ठेवला, काळजी करू नका अशा अर्थाने, आणि खाली उतरून गेले.

माई तडक मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजर तरुण, हसतमुख, बोलण्यात साखर. त्याने बसायला सांगितलं, चहा मागवला. माईंनी सगळं सांगितलं, फक्त खुर्चीचं तेवढं गाळलं. आपल्यालाच वेड्यात काढतील ही भीती होती.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दुधाच्या तपासणीत काही निघालेलं नाही म्हणाला. चौघांचंही एकमत आहे म्हणाला. माईंनी सांगितलं की चौघांत मी एक आहे आणि माझं मत तसं नाही.

"तुम्ही पेला पालथा घातलात का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग झालं की, माई," तो म्हणाला, आणि त्यांच्याकडे चहा सरकवला.

 खोटं काहीच बोलला नव्हता तो. चहा दुधाचा होता म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला आणि उठल्या.

५

घरी टिकली सुधारली होती.

हा शब्द लेकीचा. सांगितल्यावर झोपते, हाक मारली की उठते, ताटातलं निमूट संपवते. शेजारच्या बाईंची मुलंही हल्ली फार शहाणी झाली आहेत म्हणे. शाळेच्या फाटकाशी आता ढकलाढकली होत नाही, पोरं आपापली रांग लावून उभी राहतात, शिकवणाऱ्या बाईंना ओरडावंही लागत नाही. लेक हे सगळं आनंदाने सांगत होती, आणि माई ऐकता ऐकता टिकलीकडे बघत होत्या.

त्यांनी टिकलीला जवळ घेतलं. नेहमीची युक्ती केली. "टिकले, आज आपण तिन्हीसांजेलाच झोपून टाकू."

"बरं," टिकली म्हणाली, आणि अंथरुणाकडे चालू लागली.

माईंनी तिला हाताला धरून थांबवलं. तोंड इकडे वळवलं. "अगं, का ते विचार ना."

टिकलीने त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी आठवत होतं, पण सापडत नव्हतं. तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली आणि विरून गेली. "बरं," ती पुन्हा म्हणाली.

त्या संध्याकाळी माईंनी घरातलं सगळं दूध मोरीत ओतलं. लेक भडकली. इतकं चांगलं दूध, वर फुकटचं, आणि पोरीने प्यायचं काय? माई म्हणाल्या, पाणी पिऊ दे, काहीही पिऊ दे, हे नको. का नको ते मात्र त्यांना नीट सांगता येईना. कडू आहे म्हटलं तर जावयाने वाटीच्या तळाचं उरलेलं चाटून पाहिलं. त्याने तोंड वाकडं केलं, ते माईंनी पाहिलं. मग तो म्हणाला, "डेअरीतून तपासून येतं ना हे? तुम्हीच तर तपासता." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता विश्वास होता, आणि तोच माईंना सहन होईना.

मात्र पुढचे दोन दिवस टिकलीच्या पोटात थेंब गेला नाही. माईंनी त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी लेकीने केस विंचरायला बोलावलं तेव्हा टिकली खिडकीत बसल्या बसल्या, अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटली, "का?"

माईंना रडूच आलं. म्हणजे अजून वेळ गेलेली नव्हती. पण आपण घरातली पिशवी ओतू, गावातल्या पिशव्यांचं काय? आणि आपलं लक्ष नसताना कुणी पाजलं तर? ते दूध डेअरीच्या बाहेर पडताच कामा नये.

६

सकाळी त्यांनी पेला पालथा घातला.

आवाज पातळ आला आणि खोलीभर घुमला. आधी चार भरीव आवाज झाले होते, त्यांच्यावर हा एकटाच. माईंनी डोळे उघडले.  आता कुणीतरी चिडेल, जाब विचारेल, निदान मॅनेजरला बोलावतील. त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती.

 यंत्रांची घरघर तेवढी चालू होती. लॅबवाली बाई आपल्या नखांकडे पाहत राहिली. मग काका जरा पुढे झुकले, त्यांनी माईंचा पेला उचलला आणि सुलटा करून ठेवला. रस्त्यात पोराच्या शर्टाचं बटण उघडं दिसलं तर वडीलधारा माणूस लावून देतो, तितक्या सहज.

"हात घसरला असेल," ते चष्मेवाल्याला म्हणाले. चष्मेवाल्याने मान डोलावली.

माईंनी पुन्हा पालथा घातला. काकांनी पुन्हा सुलटा केला. तिसऱ्या वेळी माईंचा हातच उठेना. भांडायला समोर कुणीतरी असावं लागतं, इथे सगळे प्रेमाने वागत होते. दूध सुटलं. बाहेर गाड्या भरल्याचा आवाज माईंनी तिथे बसूनच ऐकला.

७

रात्रभर त्यांनी विचार केला आणि त्यांना एक व्यवहारी उपाय सुचला. संसार करणाऱ्या बाईला सुचावा तसाच होता. ही माणसं माझं ऐकत नाहीत, स्वतःच्या जिभेचंही ऐकत नाहीत, ती खुर्चीचं ऐकतात. ठीक आहे. मग खुर्चीत आपणच बसायचं. त्या जागी पालथा पेला पडला की बाकीचे तीन आपोआप पडतील. मग कोण साहेब नि कोण काय, ते नंतर बघू.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. खोली रिकामी होती, पेले भरून ठेवलेले होते. त्यांनी पदर खोचला, सरळ टोकाला गेल्या आणि मनात काही येऊ न देता बसल्या.

खुर्ची गरम होती.

कुणी आत्ता उठून गेल्यावर राहते तशी ऊब. माईंच्या मनात आलं की सफाईवाला टेकला असेल घटकाभर. मग लक्षात आलं की बसून इतका वेळ झाला तरी ती ऊब निवत नाही. उलट ती पाठीलाही जाणवत होती, आणि खांद्यांनाही.

उठावं असं त्यांना फार वाटलं. पण तेवढ्यात दार उघडलं आणि तिघे आत आले. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. आपापल्या जागी बसले, त्यांनी पेले उचलले, डोळे मिटले. माईंनी टिकलीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि घोट घेतला. कडू होता. थुंकायला तिथे बेसिन नव्हतं. हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तोंडात घोट धरून त्यांनी पेला पालथा घातला. पातळ आवाज कानांनी ऐकला. बोटांवरून गार दूध वाहिलं, ते कळलं.

मग एक, दोन, तीन आवाज झाले. भरीव.

माईंनी डोळे उघडले. त्यांच्यापुढचा पेला सुलटा होता. दूध त्यात होतं, काठापासून बोटभर खाली. टेबल कोरडं होतं. बोटं कोरडी होती. आणि तोंडातही काही नव्हतं.

तिघे त्यांच्याकडे पाहत होते. निदान माईंना आधी तसं वाटलं. काकांच्या डोळ्यांत तो नेहमीचा आदर होता, चष्मेवाला जरा सावरून बसला होता. माईंनी हात वर करून काहीतरी म्हटलं, कडू आहे म्हटलं, सोडू नका म्हटलं, पण त्यांच्या नजरा हलल्या नाहीत. तेव्हा कुठे त्यांना दिसलं की त्या नजरा आपल्या डोळ्यांवर नाहीतच. वीतभर वर आहेत. आपल्यापेक्षा उंच कुणी याच खुर्चीत बसलं असतं, तर त्याचा चेहरा जिथे आला असता, तिथे.

वर पाहायला त्यांची मान उठलीच नाही.

८

त्या कशा उठल्या आणि बाहेर कशा पडल्या, ते त्यांना आठवत नव्हतं. फाटकावरचा पहारेकरी एरवी पेपरातून डोकं काढत नसे, तो आज ताडकन उभा राहिला. बसमध्ये चिक्कार गर्दी होती, तरी माईंच्या भोवती थोडी जागा मोकळी राहिली. एका बाईने पोराला जवळ ओढून घेतलं आणि नजर खाली वळवली. माईंना हे सगळं दिसत होतं, पण त्याचा अर्थ लावायला त्यांना फुरसत नव्हती. आज सकाळी त्या घाईत निघाल्या होत्या. लेकीला नीट बजावून सांगायचं राहून गेलं होतं.

पाठीवरची ऊब मात्र अजून तशीच होती. उन्हातून आलो म्हणून असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बाहेर ऊन नव्हतं.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात टिकली टेबलाशी बसली होती, समोर दुधाचा पेला. लेक ओट्यापाशी उभी होती. दुकानातून आणलं म्हणाली, चार दिवस झाले पोरीच्या पोटात दूध नाही, आता तुझा हट्ट पुरे. माईंचा जीव भांड्यात पडला, कारण पेला अजून भरलेला होता. टिकली अडून बसली होती. आजी येईपर्यंत पिणार नाही म्हणाली होती.

"आजी, चाख," टिकली म्हणाली.

माईंनी घोट घेतला. तीच किल्ली, तेच बंद दार. तो त्यांनी तिथल्या तिथे फरशीवर थुंकला आणि मोठ्याने म्हणाल्या, "कडू आहे. पिऊ नकोस, टिकले."

टिकलीने तोंड वर केलं. तिच्या डोळ्यांत लुकलुकलं काहीतरी, जुनं, ओळखीचं.

"का?" ती म्हणाली.

माईंना इतका आनंद झाला की त्यांनी पेलाच उचलला आणि टेबलावर पालथा घातला. पातळ आवाज झाला. दूध बोटांवरून वाहिलं. "का ते सांगते," त्या म्हणाल्या, "सगळं सांगते, ये इकडे."

पण टिकली आता त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर हळूहळू वर सरकली, माईंच्या कपाळावरून, केसांवरून, आणि वीतभर वर जाऊन थांबली. लेकही तिथेच पाहत होती, पदर सारखा करत, पाहुण्यांसमोर करतात तसा. टिकलीच्या कपाळावर आठी उमटली. ती थोडा वेळ टिकली. मग पुसली गेली.

"बरं," टिकली म्हणाली. तिला कुणी काही सांगितलेलं माईंना ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. ते कोरडं होतं. टिकलीने दोन्ही हातांनी भरलेला पेला तोंडाला लावला आणि न थांबता शेवटपर्यंत प्यायली. माई तिचं नाव घेत होत्या, हात पुढे करू पाहत होत्या, आणि हात जागचा हलत नव्हता. मग तिने पेला खाली ठेवला, मोठ्या माणसासारखा, जपून, आवाज भरीव येईल असा. सुलटा.